पिलर, फुटिंग आणि पायाची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, मुलुंड, डोंबिवली, वसई या पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांची दुरुस्ती मी बावीस वर्षं साइटवर उभा राहून करून घेतो आहे. १९८० आणि ९०च्या दशकात बांधलेल्या, खाली पार्किंग नाहीतर दुकानं आणि वर तीन-चार मजले, अशा या इमारती. जनरल बॉडीत, जिन्यात, कधी रात्री दहानंतर फोनवर लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. पिलरच्या कामात आधी वजन उतरवायचं, मग तोडायचं, मग भरायचं. खालची बरीचशी उत्तरं फिरून या क्रमापाशीच येतात.

पार्किंगमधल्या पिलरला उभी चीर पडली आहे. घाबरायचं का?

चीर कुठे आणि कशी आहे ते आधी बघा. पिलरच्या कोपऱ्यापासून दोनेक इंच आत, वरून खाली सरळ जाणारी चीर असेल, तर तिच्यामागे जवळजवळ नेहमी सळई असते. सळई गंजून फुगली, तिनं बाहेरचं काँक्रीट ढकललं आणि ते फाटलं. रोग बराच पुढे गेलेला असतो, पण बहुतेक वेळा इंजिनिअर बोलावून नीट तपासणी करण्याइतका अवधी असतो. तो अवधी वाया घालवू नका.

काही खुणा मात्र वेळ देत नाहीत. पिलरचं काँक्रीट चुरा होऊन गळतंय, उभ्या सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या आहेत, उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या रिंगा तुटल्या आहेत, बीम आणि पिलरच्या सांध्यातली तिरकी चीर दिवसागणिक रुंदावते आहे, वरच्या मजल्यावर एकाएकी दारं अडकायला लागली आहेत, कडकड आवाज येतो आहे. यातलं काही दिसलं तर मीटिंग बोलावत बसू नका. माणसं बाहेर काढा, महापालिकेच्या आपत्ती कक्षाला आणि अग्निशमन दलाला कळवा, आणि गाडी काढायला म्हणून कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

गिलाव्यावरची केसासारखी बारीक जाळी बहुतेक वेळा गिलाव्यापुरतीच असते. खात्री करायची तर छोट्या हातोडीनं हलकेच ठोकून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द. ज्या जागा बद्द वाजतील तिथे खडूनं गोल करून ठेवा. इंजिनिअर आला की त्याचं निम्मं काम सोपं होतं.

इमारत काही फार जुनी नाही. मग आतलं लोखंड गंजतं कशानं?

चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड गंजत नाही. सिमेंटमुळे आत तीव्र क्षारधर्मी वातावरण असतं, सामू १२ ते १३, आणि त्यात सळईवर एक संरक्षक थर तयार होऊन टिकून राहतो. हा थर दोन वाटांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि सामू उतरवतो. किंवा क्लोराइड, म्हणजे मीठ, आत शिरतं. खाडीची हवा, खारं पाणी, नीट न धुतलेली खाडीची रेती, या सगळ्यांतून ते येतं. एकदा हा थर गेला आणि पाणी-हवा पोचली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते.

भारतीय मानक ४५६ प्रमाणे पिलरच्या सळईवर साधारण ४० मिलीमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, हवं. जुन्या इमारतींत मी दहा-बारा मिलीमीटरसुद्धा मोजलं आहे, कुठे तर सळई गिलाव्याला चिकटलेली. त्यात संडास-बाथरूमचं गळतं पाणी वर्षानुवर्षं त्याच पिलरवर उतरत असेल, तर वीस वर्षंही पुरतात.

एका सोसायटीत पंपाच्या खोलीतला पिलर उघडला होता. बाहेरून रंग नवाकोरा. हातोडीचा पहिला ठोका बसला आणि तळहाताएवढी खपली खाली आली. आत सोळा मिलीमीटरची सळई असायला हवी होती. तिच्यावर गंजाचे थर होते, खारी बिस्किटाला असतात तसे, बोटानं एकेक उचलून काढता येत होते. सगळे काढून कॅलिपर लावला तर साडेदहा भरली. म्हणजे वजन पेलणारं निम्म्याहून जास्त लोखंड गेलं होतं. सोसायटीतले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळेच काका म्हणायचे, तो पापुद्रा हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. “दर दोन वर्षांनी रंग देत होतो हो,” एवढंच म्हणाले.

तात्पुरतं प्लास्टर करून रंग काढला तर?

नको. चीर झाकली जाते, गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी दिसायची खूणही राहत नाही. काहीच न करता उघडी चीर ठेवलेली परवडली. ती निदान रोज जाता-येता डोळ्यांना दिसते.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये नेमकं काय तपासतात? अहवालातले आकडे आम्हाला कसे कळणार?

चांगला ऑडिटर आधी डोळ्यांनी आणि हातोडीनं अख्खी इमारत फिरतो, प्रत्येक फ्लॅटमध्ये जातो, गच्ची आणि टाक्या बघतो. यंत्रं त्यानंतर येतात. फक्त पार्किंगमधले चार पिलर बघून अहवाल देणाऱ्याला परत पाठवा.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, तेवढ्यावरून ताकद ठरवू नये. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगानं जाते ते मोजतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर दर्जा चांगला, तीनच्या खाली गेला तर आत पोकळी किंवा भेगा असल्याचा संशय. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला, तर तिथली सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. कोअर म्हणजे पिलरमधून काढलेला काँक्रीटचा दंडगोल, तो दाबून फोडतात. ताकदीचा सर्वांत विश्वासाचा पुरावा तोच. पण कमकुवत पिलरला वाटेल तिथे भोक पाडायचं नसतं, सळई चुकवून आणि जागा ठरवूनच कोअर काढायचा.

मला सर्वांत आवडते ती कार्बोनेशनची चाचणी, कारण ती कुणालाही समजते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. जिथे क्षारधर्म शिल्लक आहे तिथे ते गडद गुलाबी होतं, जिथे संपला तिथे रंगच येत नाही. गुलाबी रेघ सळईच्या मागे सुरू होत असेल तर सळईचं कवच गेलेलं आहे. कमिटीच्या माणसांना ती फवारणी समोर करून दाखवायला सांगा. पन्नास पानांच्या अहवालानं जे पटत नाही ते त्या एका रंगानं पटतं.

ऑडिट कधी करावंच लागतं? आणि ते सी-१, सी-२ काय असतं?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट हवं. शिवाय ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिकेकडे स्थैर्य प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुंबईत ते १८८८च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली येतं, इतर महापालिकांत त्यांना लागू असलेल्या कायद्याच्या कलम २६५-अ खाली.

सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग किंवा सगळी इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे माणसं राहत असताना करता येईल अशी मोठी दुरुस्ती, आणि सी-३ किरकोळ. दोन ऑडिटरांचे दोन निष्कर्ष आले की भांडणं लागतात. मुंबई महापालिकेत अशा वेळी तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जातं. आपल्याला हवा तो शेरा लिहून देणारा इंजिनिअर शोधत फिरणाऱ्या कमिट्या मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत, पाडायची घाई असलेल्या आणि पाडायची नाही म्हणून अडून बसलेल्या. त्या कागदाखाली माणसं झोपतात याचा दोघांनाही विसर पडतो.

पिलर तोडायच्या आधी टेकू लावलेच पाहिजेत का? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गरज नाही.

मग कॉन्ट्रॅक्टर बदला.

हिशेब असा आहे. चार मजली इमारतीच्या मधल्या एका पिलरवर सहज पन्नास-साठ टन वजन असतं. पिलर आधीच दुखावलेला. तुम्ही त्याचं सुटलेलं काँक्रीट चारी बाजूंनी दोन-दोन इंच काढलंत की बारा इंचांचा पिलर आठ इंचांचा झाला, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याखाली आलं. वजन मात्र तेवढंच. ते कुठेतरी दुसरीकडून जमिनीपर्यंत पोचायला हवं, आणि ती दुसरी वाट म्हणजे टेकू.

टेकू म्हणजे चार बल्ल्या उभ्या केल्या असं नाही. साधा लोखंडी प्रॉप पूर्ण उंचीला दोनेक टनांच्या आसपास पेलतो, उंची वाढेल तशी ताकद घटते. त्यामुळे किती लागतील, की प्रॉपऐवजी जाड गर्डरचे स्टँड लागतील, आणि किती मजल्यांवर लागतील, हे इंजिनिअरनं आकडेमोड करून कागदावर दिलं पाहिजे. ते पिलरला मिळणाऱ्या प्रत्येक बीमखाली बसतात. वर-खाली एकाच रेषेत, नाहीतर वरच्या टेकूचं वजन खालच्या स्लॅबच्या पोटात बसतं. आवळायचे ते घट्ट टेकेपर्यंतच. जोर लावून बीम वर उचलला तर तिथे नवी चीर पडते.

आणि टेकूच्या खाली काय आहे ते बघायचं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. टेकू सगळे नकाशाप्रमाणे लागले होते, मी सही केली होती. दुपारी जेवण करून आलो तर एका टेकूची वरची प्लेट आणि बीम यांच्यात बोट जाईल एवढी फट. खाली बघितलं तर तो टेकू फरशीखाली बुजवलेल्या जुन्या चेंबरवर उभा होता आणि चेंबरची भिंत बसली होती. पिलरला अजून छन्नी लागली नव्हती म्हणून सगळे वाचलो. तेव्हापासून टेकूच्या प्रत्येक जागी आधी पहार मारून बघतो, खाली जाड फळी किंवा स्टीलची प्लेट घालतो, आणि काम चालू असताना रोज सकाळी प्रत्येक टेकूला हातोडीनं वाजवून बघतो. वजन घेणारा टेकू टणकतो, सैल पडलेला खुळखुळतो.

एका वेळी एकच पिलर उघडायचा. शेजारचा तर नाहीच. पहिल्यात भरलेल्या मालाला ताकद आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. महिनाभर काम लांबलं तरी चालेल.

तळमजल्याच्या दुकानदाराला मधला पिलर अडचणीचा होतो. थोडा तासला तर चालेल का?

नाही. २५ जुलै २०१७ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात पिलरना हात लावल्याचा आरोप झाला. तुमच्या इमारतीत तळमजल्यावर काम निघालं, ब्रेकरचा आवाज आला, तर कमिटीनं त्याच दिवशी आत जाऊन बघावं. भिंत तोडत असतील तरी बघावं. जुन्या बांधकामात काही भिंतीच वजन घेत असतात. परवानगीचा कागद दाखवला नाही तर काम थांबवून वॉर्ड ऑफिसला लेखी कळवावं. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील म्हणून गप्प बसणं इथे फार महाग पडतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी होते? आम्ही रोज खाली उतरून काय बघायचं?

टेकू लागले की सुटलेलं सगळं काँक्रीट काढतात. हलक्या ब्रेकरनं किंवा छन्नीनं, चांगलं काँक्रीट न हादरवता. सळईचा पुढचा भाग उघडला म्हणून थांबायचं नाही, सळईच्या मागे बोट फिरेल इतकं, वीस-पंचवीस मिलीमीटर, मोकळं करायचं. इथेच सर्वांत जास्त चोरी होते. मागचा गंज तसाच राहिला तर चार-पाच वर्षांत नवा माल आतून फुटतो.

मग सळई चकचकीत होईपर्यंत घासायची. वायर ब्रश लावलेलं ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग. नुसतं गंज काढायचं रसायन फासून वरून रंग मारणं म्हणजे फसवणूक. घासल्यावर व्यास मोजायचा. पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त लोखंड गेलं असेल तर शेजारी नवी सळई जोडायची, पुरेशा लांबीनं. रिंगा तुटल्या असतील तर नव्या रिंगा घालायच्या. रिंगांकडे लोक लक्ष देत नाहीत, पण उभ्या सळया वाकू न देणं हे त्यांचंच काम. मग सळईला झिंकयुक्त गंजरोधक लेप, जुन्या काँक्रीटला बाँड कोट, म्हणजे नवा माल चिकटवणारा लेप, आणि तो ओलसर असतानाच माल. बाँड कोट सुकल्यावर माल मारला तर चिकटण्याऐवजी सुटतो.

खोली कमी असेल तर पॉलिमर मॉर्टर, दहा-पंधरा मिलीमीटरच्या थरांनी, हातानं दाबून. पन्नास मिलीमीटरच्या वर गेलं की शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट ओततात. ते पातळ असतं, आपोआप कोपऱ्यांत शिरतं. पण पाणी गोणीवर लिहिलं आहे तेवढंच, मोजून. “जरा पातळ कर रे” असं कुणी म्हणताना ऐकलंत तर काम थांबवा. जास्त पाण्यानं ताकद जाते आणि आकसून फटी पडतात. आदल्या रात्री जुनं काँक्रीट पाण्यानं भिजवून ठेवलेलं हवं, नाहीतर ते नव्या मालातलं पाणी शोषतं.

नंतर मायक्रोकाँक्रीटला निदान सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं. सोसायटीतल्या कुणी हे अंगावर घेतलं तर फार बरं होतं. एका ठिकाणी पहिल्या मजल्यावरच्या आजी सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन खाली यायच्या, तुळशीला घालावं तितक्या मनापासून पिलरला पाणी घालायच्या. त्या पिलरवर आजही एक केसाची चीर नाही.

जॅकेटिंग कधी करायचं?

पिलर नुसता आजारी नसून मुळातच कमी ताकदीचा निघाला, किंवा खूप लोखंड गेलं असेल तेव्हा. जुन्या पिलरभोवती नवी सळई, नव्या रिंगा आणि नवं काँक्रीट. भारतीय मानक १५९८८ प्रमाणे जॅकेट निदान १०० मिलीमीटर जाड हवं आणि नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा निदान पाच मेगापास्कल जास्त. म्हणजे पिलर सगळ्या बाजूंनी चार-चार इंच वाढतो. पार्किंग आकसतं, गाडी वळत नाही, यावरून मीटिंगमध्ये तास-तास जातात. तो वाद काम सुरू होण्याआधी मिटवा. अर्धं जॅकेट, तीन बाजूंचं, एखाद्याच्या गाडीसाठी पातळ केलेलं, असलं काही मंजूर करू नका.

जागाच नसेल तर कार्बन किंवा काचतंतूंचं कापड इपॉक्सीनं गुंडाळतात. ते पिलरला आवळून धरतं आणि जागा खात नाही. पण आतला गंज तसाच ठेवून वरून कापड गुंडाळणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

जॅकेट जमिनीपासून सुरू केलं तर खर्च वाचेल ना? फरशी का फोडायची?

कारण वजन फरशीवर थांबत नाही. जॅकेट फरशीपासून सुरू केलं तर नव्या सळया हवेत उभ्या राहतात आणि वजन पुन्हा त्याच जुन्या, बारक्या पिलरमधून खाली जातं. शिवाय पिलर सर्वांत जास्त सडतो तो जमिनीच्या आसपासच. तिथे माती ओली, हवा येते, गाड्या धुतलेलं पाणी मुरतं. खोदायचं, फुटिंग, म्हणजे पिलरखालचा जमिनीतला रुंद पाया, उघडायचं, नव्या सळया फुटिंगमध्ये भोकं पाडून रासायनिक ग्राउटनं, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या मालानं, पक्क्या करायच्या आणि तिथून वर यायचं. फुटिंगचं क्षेत्रफळ कमी पडत असेल तर तेही रुंद करायचं.

मी कमिटीला सांगतो, पैसे कमी असतील तर बाहेरचा रंग सोडा, गेटची कमान सोडा, गच्चीवरच्या टाइल्स सोडा. फुटिंगपर्यंत खोदणं सोडू नका. जे बुजणार आहे, कुणाला कधी दिसणार नाही, त्याचे फोटो पट्टी लावून काढून ठेवा.

पाया खचतो आहे हे कसं ओळखायचं?

खचण्यापेक्षा असमान खचणं वाईट. अख्खी इमारत सारखी बसली तर फारसं बिघडत नाही, एक कोपरा बसला की इमारत पिळवटते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरक्या चिरा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणाऱ्या चिरा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक होत गेलेली चीर, जोत्याभोवतीची फरशी आणि भिंत यांच्यात पडलेली फट, एकाच बाजूच्या सगळ्या मजल्यांवर अडकणारी दारं, या त्याच्या खुणा.

चीर जुनी, थांबलेली आहे की अजून वाढते, हे शोधायला काचेची पट्टी लावतात. चिरेवर आडवी पातळ काच, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिस, वर तारीख. हालचाल झाली की काच तडकते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय मोठा निष्कर्ष काढू नये, अर्थात चीर वेगानं वाढत नसेल तर.

पाया खालून दुरुस्त करता येतो?

येतो, पण कारण सापडल्याशिवाय हात लावू नका. मी पाहिलेल्या कित्येक खचण्यांमागे फुटलेली ड्रेनेजची लाइन होती. वर्षानुवर्षं पाणी फुटिंगखालून वाहून बारीक माती घेऊन गेलं. लाइन बदलली, पोकळी ग्राउटनं भरली, की बऱ्याचदा चीर तिथेच थांबते.

खरंच पाया खोल न्यायचा असेल तर भिंतीखाली टप्प्याटप्प्यानं खोदतात. एक ते दीड मीटर लांबीचा खड्डा, खाली कठीण मुरमापर्यंत, त्यात काँक्रीट, आणि जुना पाया व नवं काँक्रीट यांच्यामधल्या फटीत कोरडा माल ठोकून ठोकून भरायचा. तो पक्का झाल्यावर दुसरा खड्डा, पण लगतचा नाही, एक सोडून. सलग चर खोदला तर भिंतीखालचा आधारच जातो. भराव टाकलेल्या जमिनीवर कठीण थर फार खोल असेल तर छोट्या मशीननं मायक्रोपाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे बारीक खांब, घालतात, ते तळमजल्याच्या आतूनही घालता येतात. हे काम मृद-तपासणी करूनच.

आमचं घर काळ्या मातीत आहे. दर उन्हाळ्यात चिरा पडतात, पावसाळ्यात मिटतात.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर इथून असे फोन नेहमी येतात. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. चिरा भरून उपयोग नाही, पुढच्या वैशाखात त्या पुन्हा येणारच. मातीतला ओलावा बारा महिने सारखा ठेवायचा, हा खरा इलाज. घराभोवती मीटर-दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली पक्की फरशी करा. पन्हाळीचं पाणी पाइपानं लांब न्या. भिंतीला लागून बाग, नळ, शोषखड्डा ठेवू नका, आणि मोठं झाड घराजवळ लावू नका.

नवं बांधताना किंवा वाढवताना पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ते अशाच मातीसाठी विकसित केले. साधारण साडेतीन मीटरखाली ऋतूप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही, त्या थरात ते रुततात.

शेजारच्या प्लॉटवर टॉवरसाठी खोल खोदकाम सुरू झालं आहे. आम्ही काय करावं?

खोदकाम सुरू व्हायच्या आधी आपल्या इमारतीतल्या प्रत्येक चिरेचे तारखेसह फोटो काढून बिल्डरला आणि महापालिकेला लेखी द्या. नंतर “ही चीर आधीपासूनच होती” हे ऐकावं लागत नाही. खड्ड्याच्या कडेला शोअर पाइलिंग, म्हणजे माती अडवणाऱ्या खांबांची रांग, आहे का, पाणी उपसत असतील तर त्यासोबत माती येते आहे का, ते बघत राहा. गढूळ पाणी येत असेल तर ती तुमच्या पायाखालची माती असू शकते.

जुना वाडा आहे. लाकडी खांबांचं काय?

सागवानी खांब वरून शंभर वर्षं टिकतो आणि खालून दोन वितीत सडतो. तळखड्यावर ओल चढते, वाळवी तिथूनच शिरते. दाभण टोचून बघा, सहज आत गेली तर लाकूड मेलेलं आहे. तुळई टेकूवर घेऊन खांबाचा सडलेला भाग कापतात आणि त्याच जातीचं जुनं सागवान खाचेचा तिरका सांधा करून, बोल्ट घालून बसवतात. खांबाच्या बुडाला सिमेंट काँक्रीटचा ढोपरापर्यंत बुंधा घालू नका. त्यात पाणी अडतं आणि लाकूड दुप्पट वेगानं सडतं. जाणता सुतार मिळाला तर इंजिनिअरइतकंच त्याचंही ऐका.

खर्च किती येईल? एकरकमी ठेका द्यावा का?

पिलर उघडल्याशिवाय नक्की आकडा सांगणारा माणूस एकतर घाबरून जास्त सांगतो किंवा काम मिळवायला कमी. म्हणून एकरकमी ठेका नको. तोडणं, सळई, पॉलिमर मॉर्टर, मायक्रोकाँक्रीट, टेकू, खोदाई, सगळ्याचे वेगवेगळे दर घ्या आणि झालेल्या मापाप्रमाणे पैसे द्या. टेकूचा दर स्वतंत्र मागा. तो दुसऱ्या कशात मिसळला की टेकूच कमी लागतात. टेंडरपेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्तीची तयारी ठेवा. देखरेखीचा इंजिनिअर कॉन्ट्रॅक्टरनं आणलेला नसावा, सोसायटीनं नेमलेला असावा.

उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडात दरवर्षी बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीत पाऊण टक्का जमायला हवा. मेंटेनन्स कमी ठेवल्याबद्दल कौतुक झालेल्या कमिट्यांच्या सोसायट्यांत हे खाते बहुतेक रिकामं सापडतं.

त्यापेक्षा पुनर्विकासच करावा का?

बहुतेक पिलरची ताकद गेली आहे, क्लोराइड सगळीकडे आहे आणि पायाही कमी पडतो आहे, असं असेल तर दुरुस्तीत पैसा ओतू नये. पण पुनर्विकासाची चर्चा सात-आठ वर्षं चालते आणि तोवर कुणी टेकूसुद्धा लावत नाही, हे फार धोक्याचं. करार होईपर्यंत त्या इमारतीत माणसं राहणार आहेत. निदान वाईट पिलर सुरक्षित करून ठेवा. नाहीतर रिकामी करा.

पावसाळ्यात काम चालतं का?

तळमजल्यावरचं आतलं काम चालतं. फुटिंगची खोदाई टाळा, खड्ड्यात पाणी भरतं आणि कडा ढासळतात. पिलर धोकादायक असेल तर मात्र टेकू लावायला ऑक्टोबरची वाट पाहू नका.

नीट केलेली दुरुस्ती किती वर्षं टिकते?

गळती बंद झाली असेल, सळई मागून साफ झाली असेल आणि पाणी नीट मारलं असेल, तर पंधरा वर्षं तो पिलर मी पुन्हा उघडलेला नाही असं अनेक ठिकाणी आहे. काँक्रीटमध्ये मीठ मुरलेलं असेल तर मात्र दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज पुन्हा वेग घेतो. तिथे दुरुस्तीतच जस्ताचे छोटे अॅनोड सळईला बांधतात. ते स्वतः झिजतात आणि सळई वाचवतात.

काम संपलं की प्रत्येक पिलरला नंबर द्या आणि नकाशावर मांडून ठेवा, कुठला कधी उघडला, किती लोखंड बदललं, फोटो कुठे आहेत. दर वर्षी पावसाळा संपला की दिवाळीआधीच्या एका रविवारी दोघं-तिघांनी हातोडी आणि खडू घेऊन खाली फेरी मारायची. चाळीस पिलरना पाऊण तास लागतो. वरच्या बाथरूमच्या पाइपांखाली आणि टाकीशेजारच्या पिलरपासून सुरुवात करा.